मिशीची पैज

"चल दिनकऱ्या, मिशीची पैज!" मी शेजाऱ्याला डिवचलं. "या भंगारातून सायकल होऊन चालली, तर तू मिशी चौकात उतरवायची."

"लावली! चालतेय कसली!" त्याचा बाप सायकलवरून गेला तो परतलाच नव्हता. बाप जिवंत असेल, या आशेनं दिनकर मिशीला वस्तरा लावत नसे.

पोरांनी आणि मी तीन मोडक्या सायकलींची एक केली. घंटी तेवढी गंजून मुकी होती. थोरलीला बसवून मी ढकललं. दिनकरच्या फाटकाशी सायकल आपोआप वळली. घंटी वाजली, दोनदा.

"बाबा, मी नाही वाजवली," पोरगी कुजबुजली. शप्पथ, ही चेष्टा माझीही नव्हती.

आतून दिनकरची आई म्हणाली, "दार उघड रे, हे आले."

दिनकरनं बापाची घंटी ओळखली. सगळ्यांदेखत चौकात न्हाव्यापुढे बसला.

"मिशी काढ," म्हणाला. "डोकंही."