पुलाशिवाय

इंजिन तिसऱ्यांदा अर्ध्या चढावर अडलं, चाकं जागच्या जागी फिरली आणि ते घसरत मागे आलं. सुनेने ते बोटभर इंजिन उचलून पुन्हा चढाच्या पायथ्याशी ठेवलं. सासरे पाच वाजता येणार होते.

नकाशा त्यांचाच होता. चाळीस वर्षांपूर्वी एका मासिकात छापून आलेला. छोट्या आगगाडीच्या रुळांची आठ बाय चार फुटांची आखणी, मधोमध पूल, खाली त्यांचं नाव. येणाऱ्याजाणाऱ्याला तो लांबून दाखवला जाई, हातात मात्र मिळत नसे. जावयाने एकदा त्याची प्रत मागितली, तर सासरे त्याच्याशी दोन वर्षं बोलले नव्हते.

आणि हिने तो त्यांच्या कपाटातून न विचारता काढला होता. सासूबाई गेल्यापासून ते भिंतीकडे बघत बसत. रुळांची खोकी तशीच बंद पडलेली. ते पंधरा दिवस लेकीकडे गेले आणि हिला ते रूळ मांडून ठेवायची हुक्की आली.

ती शिवणकाम करायची. मोठ्या मापाचं लहान अंगाला बेतणं हा तिचा रोजचाच उद्योग. कापड कापायच्या टेबलावर, पाच बाय तीनमध्ये, तिने सगळं बसवलं. पूल तेवढा जमेना; त्याच्या चढावर इंजिन अडे. आपणच चढ आखूड केला असं वाटून तिने आज तो छापील मापाने, पूर्ण लांबीचा, बोळात मांडून पाहिला. तिथेही तेच. म्हणजे चूक बेतण्यात नव्हती, नकाशातच होती.

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. अभिमानाने सांगावं असं त्या माणसाजवळ एवढं एकच उरलं होतं. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, जागा पुरली नाही म्हणून सांग आणि मी येईपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नकोस. तिने पूल काढला आणि रूळ सपाटच जोडून टाकले.

सासरे आले ते थेट टेबलापाशी. मांडलेले रूळ पाहून चेहरा पांढराफटक. रुळांवरून फिरणारं त्यांचं बोट मधोमध थांबलं.

“पूल कुठाय?”

“जागा पुरली नाही, बाबा.”

“बांधून पाहिलास?”

हो-नाही करत तिने अखेर खरं सांगून टाकलं. “पाहिला. तुमच्याच मापाने. इंजिन चढत नाही.”

सासरे खुर्चीत बसले. पिशवी मांडीवरच राहिली. आता हे आपल्याशी जन्मात बोलणार नाहीत, असं तिला वाटलं.

“माझंही चढलं नव्हतं,” ते म्हणाले. “पण ते छापून आल्यावर कळलं. तेव्हापासून कुणी नुसता नकाशा मागितला, तरी माझे पाय लटपटतात.”