तिची मुरकी

“काका, पुन्हा तेच. मधला सूर सुटला.” शिकवणीच्या बाईंनी पियानोवरचा काकांचा हात थांबवला.

“सुटला नाही, सोडला,” काका म्हणाले.

“अहो, मुरकी कशीही फिरली तरी शेवटी आपल्या सुरावर येऊन बसते. तुमची वरून जाते, खालून जाते, पण त्या सुराला शिवत म्हणून नाही!”

“आमच्या हिची अशीच होती. मला तीच शिकायची आहे.”

बाईंनी हात टेकले. त्यांच्या वर्गात बाकी सगळी दुधाचे दात पडणारी मंडळी होती, पण यांच्याइतकं हट्टी एकही नव्हतं.

काकांनी सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात काढली होती. तराजूत चिमूटभर खोट असली तरी ते दुकानाच्या पायरीवरून ओळखत. खोट काढायची सवय घरीही आली होती. भाजी, पडदे, मुलींची अक्षरं, काहीच त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. संगीतातलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी बायको पियानोवर ती एक संथ चाल वाजवायला बसली की मधल्या एका जागी तिची बोटं अशी काही वळत, की हे हातातला पेपर खाली ठेवून “वा!” म्हणत. पाहुणे आले की तीच चाल वाजवायला लावत आणि ती जागा जवळ आली की पाहुण्यांना बोटाने गप्प करत. उभ्या जन्मात त्यांनी बायकोचं कौतुक केलं असेल तर ते तेवढ्या मुरकीचं.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने तिचा उजवा हात गेला. तिने कुरकुर केली नाही, फक्त आपली खुर्ची पियानोकडे पाठ करून ठेवली. ती पाठ काकांना बघवत नसे. तिची चाल तिला तिच्या घरात एकदा ऐकवायची, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. मग रोज सकाळी फिरायला जातो असं सांगून ते शिकवणीला जाऊ लागले. आठ महिने रडतखडत गेले. बाई कधी हसल्या, कधी चिडल्या, पण शेवटी बोटं वळली.

त्या रविवारी त्यांनी घरच्या पियानोचं झाकण उघडलं.

“अहो, कशाला उघडताय? धूळ उडेल सगळीकडे,” ती पाठमोरीच म्हणाली.

काका वाजवायला बसले. सुरुवातीला दोनदा अडखळले. मग ती जागा आली, आणि बोटं वरून गेली, खालून आली, थेट तिच्यासारखी. चाल संपली तेव्हा ती खुर्चीत वळून बसली होती. तिचे डोळे भरले होते. काकांचेही.

“जमली ना? अगदी तुझ्यासारखी?”

“अगदी माझ्यासारखी.” तिने डाव्या हाताने डोळे पुसले. “पण ती कशाला हो शिकलात? तिथे साधा एक सूर आहे. आपल्याकडे ती पट्टी मुकी आहे, म्हणून मी आजूबाजूनं जायची.”

काकांनी ती पट्टी दाबली. लाकडाचा नुसता ठक आवाज आला. त्यांनी पुन्हा दाबली, जरा जोरात.

“कधीपासून?”

“धाकटी शाळेत जायला लागली, तेव्हापासून.”

“अगं, मग मला सांगायचं नाही का? दुसऱ्या दिवशी माणूस आणून नीट करून घेतली असती!”

ती रागावली नव्हती. उलट थोडी लाजलीच.

“सांगायलाच तर बसवलं होतं तुम्हाला शेजारी. म्हटलं, आधी वाजवून दाखवावं, कुठे अडतंय ते. तर तुम्ही ‘वा!’ म्हणालात. लग्नानंतर पहिल्यांदाच.”