अंगठ्याएवढे कान

लांडग्याचे दोन कान आणले की सरकारी बक्षीस मिळतं आणि त्याच्या अर्जावर शिक्का मारायचं काम माझं. दरवर्षीप्रमाणे यंदाही शिकाऱ्याने तारेत ओवलेले कान टेबलावर आपटले. मारलेल्या लांडग्यांचा आकडा वाढला, साहेब खूश. लांडगे मात्र कमी होईनात. मेंढ्या राखणारा माझा थोरला भाऊ तेवढ्यात तणतणत ऑफिसात शिरला, मुठीत लांडग्याने फाडलेल्या मेंढीच्या गळ्यातली घंटा. त्याने तारेतला एक कान धरून पाहिला, जेमतेम अंगठ्याएवढा. “अरे, ही तर सगळी पिल्लं! यांची आई कुठाय?” “बिळात आहे की,” शिकारी हसला. “तिला मी हात लावत नाही.” “का?” “दादा, ती मेली तर पुढच्या वर्षी काय आणू?” मी नियम पुन्हा वाचला. कानांचं माप कुठेच नव्हतं. चरफडत शिक्का उचलला. भावाने घंटा अर्जावर आदळली. “मग हिच्यावरही मार शिक्का.”