कंसातलं रडणं

नाट्यलेखनाच्या शिबिरात बाई म्हणाल्या, “घरात घडलेला प्रसंग लिहा.” मी ताईचा लिहिला. तिचा नवरा कायमचा घर सोडून निघाला, तेव्हा ती ‘जेवून तरी जा’ एवढंच म्हणालेली. हे तिने एकट्या मला सांगितलेलं, तेही शपथ घालून. वाचनाच्या दिवशी आमची नायिका घसा बसवून घरी राहिली, आणि बाईंनी कागद मी नको म्हणत असतानाही माझ्यासोबत आलेल्या ताईच्या हातात दिला. “तुझा चष्मा दे गं,” ताई म्हणाली. मी काढून दिला. “जेवून तरी जा,” तिने वाचलं. पुढे मी कंसात ‘रडते’ लिहिलं होतं. ताई थांबली. “इथे ती रडत नाही. वाढलेलं ताट झाकून ठेवते. संध्याकाळी स्वतःच जेवते.” “वा, लिहून घ्या,” बाई मला म्हणाल्या. चष्मा ताईच्या नाकावर होता, मला अक्षर दिसत नव्हतं, तरी माझी मेली पेन्सिल एक शब्दही न गाळता लिहीत गेली.