वल्हं उभं, सगळे गप्प

पाणी छातीला लागलं तसं होरिगुचींनी वल्हं डोक्यावर उभं धरलं.

त्यांची कायाक बोरूच्या रानाआड उलटी पडली होती. पाय मांड्यांपर्यंत चिखलात. एक उपसावा तर दुसरा आणखी खाली. लाइफ जॅकेट मात्र कायाकच्या पोटात अगदी सुरक्षित होतं. नारिंगी रंगाला पक्षी बिचकतात, हा त्यांचाच शोध.

हाकेच्या अंतरावर पक्षिमंडळाच्या चार कायाक उभ्या होत्या. माणसं दुर्बिणी लावून पुतळ्यासारखी बसली होती. हलणार कशी? वल्हं उभं म्हणजे पक्षी दिसलाय, जागेवर थांबा. वल्हं आडवं म्हणजे पक्षी गेला, या. निशिनोको तळ्यावर ही शिस्त खुद्द होरिगुचींनी लावलेली. हेडमास्तरकी संपली तरी हात शिवशिवायचेच. मागे एकदा मंडळातली मिझुए शिंकली, तर पुढच्या फेरीला तिला काठावर बसवून ठेवलं होतं.

ते ओरडले. गारठ्याने नुसता चिरका आवाज फुटला. पाण्यावरून म्हाताऱ्या किताओकांची कुजबुज आली.

"मिझुए-सान, हा त्या पक्ष्याचा आवाज का हो?"

"कोणाचा का असेना. गप्प बसा, नाहीतर सेन्सेई तुम्हालाही काठावर बसवतील."

किताओकांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. होरिगुची सेन्सेईंना आयुष्यात प्रथमच आज्ञाधारक माणसांचा संताप आला.

पाणी गळ्याशी आलं. बोटं वल्ह्यावर आहेत की नाहीत, हेही कळेना. वल्हं उभं आहे तोवर कोणी येणार नाही. खाली घेतलं, तर बोरूत बुडणारं डोकं कोणाला दिसणार? पाणी हनुवटीला लागलं. त्यांनी डोळे मिटले आणि वल्हं आडवं टाकलं.

चारही कायाक सुसाट आल्या. दोघींनी दोन्ही बाजूंनी बगलेत हात घातले, किताओकांनी कॉलर धरली. बऱ्याच झटापटीनंतर चिखलाने सेन्सेईंना सोडलं. ते दोन कायाकवर आडवे पडले. "गाढवांनो" म्हणायचं होतं, पण दात जुळेनात.

किताओकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी चक्क वाकून नमस्कार केला.

"धन्य आहे तुमची, सेन्सेई. तो बिचकू नये म्हणून एवढ्या गार पाण्यात उतरलात. कोनोतोरी करकोचा, आणि आपल्या तळ्यावर! तुमच्या पाठीमागे दहा पावलांवर उभा होता. जन्मभर वाट पाहिलीत त्याची."

"वल्हं आडवं झालं तेव्हाच उडाला," मिझुए म्हणाली. "आम्ही पोटभर पाहिला. पण लांबून डोळ्यांचा रंग काही कळला नाही." ती आदबीने जवळ सरकली. "कोणता होता रंग, सेन्सेई?"