अंगालगतचं कापड

सकाळी नान्तुमेनं प्राण सोडला, तसा सेंदावुला काठी टेकत परसात आला आणि कापडासाठी साल काढायला डाव्या हातानं मुतुबाच्या झाडाच्या खोडावर सुरी चालवू लागला. त्याची उजवी बाजू गेल्या पावसाळ्यात लुळी पडली होती. बोलणंही गेलं होतं. बायकोसाठी त्याला काय करायचंय, ते मुलीला, नाकिबुलेला, न सांगता कळलं. तिनं सुरी घेतली आणि साल सोलून दिली.

ओसरीवर पाहुण्यांनी आणलेल्या सालीच्या कापडांची चळत लागली होती. गावातली कितीतरी माणसं सेंदावुलानं ठोकलेल्या कापडात गुंडाळून मातीत गेली होती. घरात मात्र त्याच्या हातचा एकही तुकडा नव्हता. तुझं करून ठेवतो, असं तो म्हणाला की नान्तुमे रागवायची. जित्या माणसाचं कफन कुणी करतं का, म्हणायची.

छपराखाली ओंडक्यावर साल पसरून त्यानं मोगरी उचलली. डाव्या हाताचा घाव पडायचा तिथं पडेना. साल एकीकडं जाडच राहिली, दुसरीकडं फाटली. नाकिबुलेनं मोगरीसाठी हात पुढं केला. त्यांच्या घरात बाईनं ती कधी धरली नव्हती. शेवटी त्यानं ती तिच्या हाती दिली. तिच्या हातूनही साल फाटू लागली. ताणायची कशी, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, तर नुसती लाळ गळली. तिनं ती बाहीनं पुसली.

दुपार कलली तेव्हा मेहुणा कग्ग्वा आला. "दाजी, खड्डा तयार आहे. माणसं कधीची खोळंबलीत," असं म्हणता म्हणता त्याचं लक्ष ओंडक्याकडं गेलं. जागोजागी भोकं पडलेला, उशीच्या अभ्र्याएवढा तुकडा. उन्हात तांबूस व्हायलाही त्याला सवड मिळाली नव्हती.

"हे ओलं आहे गं अजून," तो हलकेच म्हणाला.

"असू दे, मामा. आईला आता कुठं सर्दी होणार आहे?"

तुकडा नान्तुमेच्या अंगावर ठेवला. छाती झाकली, खांदे उघडेच राहिले. सेंदावुलानं एकवार तो ओढून बघितला, पण तो पुरेना. मग कग्ग्वानं त्याचा हात धरून त्याला बाजूला घेतलं आणि पाहुण्यांची मोठमोठी कापडं एकावर एक गुंडाळली गेली. आतलं दिसेनासं झालं.

माती देऊन आल्यावर लोक जेवायला बसले. सेंदावुला परसात गेला. सोललेलं खोड केळीच्या पानांनी बांधलं नाही, तर झाड वाळतं. त्यानं एक पान खोडाला लावलं आणि केळीच्या सोपटाची दोरी वरून घेतली. हात काढला की पान घसरे. शेवटी छातीनं पान दाबून तो झाडाला रेलला. दोरी कशीबशी खोडाभोवती फिरली, पण गाठ मारायला दुसरा हात नव्हता.

दोरीचं टोक मुठीत धरून तो तसाच उभा राहिला. ओसरीवरून जेवणाऱ्यांची बोलणी ऐकू येत होती. त्याला हाक मारता येत नव्हती.