पाय तेवढा बघा

चेंडू बॅटची आतली कड घेऊन पॅडवर आदळला, आणि मैदानावरच्या पंचांनी पायचीत म्हणून बोट वर केलं.

गॅलरीखालच्या बंद खोलीत तिसऱ्या पंचांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्यासमोरच्या पडद्यांवर बॅट दिसत होती, चेंडू दिसत होता, आणि चेंडू कडेला लागला त्या क्षणी आवाजाची रेघ ताडकन उभी राहिलेली दिसत होती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ठामरावांना कळलं नाही. मैदानावरच्या त्या पंचांना सगळे पाठीमागे ठामराव म्हणत, कारण निर्णय जितका चुकीचा तितकं त्यांचं बोट ताठ.

फलंदाज बदली होता. नेहमीचा खेळाडू जायबंदी झाला म्हणून त्याला हा एक सामना मिळाला होता, आणि पुढच्या मोसमाचा संघ निवडणारी मंडळी समोरच्याच गॅलरीत बसली होती. त्याने हातांनी खूण करून दाद मागितली. ठामरावांनी नुसती मान हलवली. दाद शिल्लकच नव्हती.

एका डावाला एक दाद, आणि ती त्याच्याच संघाच्या कप्तानसाहेबांनी पहिल्याच षटकात स्वतःवर उधळली होती. चेंडू गुडघ्याखाली, मधल्या यष्टीच्या बरोब्बर समोर. पण कप्तानसाहेबांचा पाय यष्टीसमोर येईलच कसा? पडद्यावर तिन्ही खुणा लाल झाल्या तरी ते यंत्राकडेच डोळे वटारत परतले. आता पॅव्हेलियनमध्ये खुर्चीवर पाय पसरून च्युइंगम चघळत होते. असल्या माणसाच्या हातात न्यायाची किल्ली द्यायची, आणि वर यंत्रं लाखांची आणायची!

"सर, सांगून टाका ना," शेजारी रिप्ले चालवणारी ताई म्हणाली. "माइक तुमच्या हातात आहे."

"विचारल्याशिवाय बोलता येत नाही."

हा नियम करणाऱ्या समितीत तिसरे पंच स्वतः होते. मैदानावरच्या पंचाचा मान राहिला पाहिजे, असं त्यांनीच तावातावाने मांडलं होतं. आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसले होते.

कानात ठामराव खाकरले. "गोलंदाजाचा पाय तेवढा बघा. बाकी काही नको."

तो तर प्रत्येक बळीनंतर बघायचाच असतो. पाय रेषेपुढे पडला असेल तर नोबॉल, आणि नोबॉल असेल तर फलंदाज वाचला. तिसरे पंच इतके पुढे सरसावले की चष्मा काचेला टेकायचाच बाकी राहिला. पड बाबा पुढे, ते मनात म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्या गोलंदाजाकडे असं मागणं मागितलं नव्हतं.

ताईने चित्र हळूहळू सरकवलं. बूट जमिनीला टेकला. टाच रेषेच्या मागे, चांगली दोन बोटं. मग बूट घसरला आणि अख्खा रेषेपलीकडे गेला. ताईने चित्र तिथे थांबवलं.

"नोबॉल," ती म्हणाली.

"टेकतो तेव्हाचा पाय धरतात, ताई. घसरल्यानंतरचा नाही."

"ते मला नका शिकवू. पण मोठ्या पडद्यावर मी एवढंच चित्र दिलं, तर कोण विचारायला येणार आहे?" तिने आवाज खाली आणला. "तो बाद नाहीये, सर. तुम्हालाही माहीत आहे."

तिसऱ्या पंचांनी माइकच्या बटणावर बोट ठेवलं. एक शब्द बोलायचा होता. त्यांना कप्तानाची किळस आली, ठामरावांची आली, त्या रेषेची आली. मग आधीचं चित्र कुणीतरी शोधून काढेल, चौकशी बसेल, वर्तमानपत्रात फोटो येईल, हेही सगळं डोळ्यांपुढून गेलं. नियम म्हणजे नियम, असं ते स्वतःला सांगू लागले. ते तत्त्व नव्हतं, नुसती भीती होती, आणि हे कळायला त्यांना कुठल्या यंत्राची गरज पडली नाही.

"चित्र मागे घ्या," ते म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मघाशी कप्तान परतताना तिने पडद्याकडे असंच पाहिलं होतं. मग तिने बूट रेषेच्या मागे नेऊन ठेवला.

"पाय बरोबर आहे," त्यांनी माइकवर सांगितलं. "चेंडू वैध."

"वाटलंच मला!" ठामरावांचा आवाज कानात खुलला. "अहो, सबंध सामन्यात माझा एक निर्णय फिरला नाही. आता म्हणा म्हणावं, म्हातारा झालो म्हणून! यंत्रानेच शिक्कामोर्तब केलंय."

पॅव्हेलियनमध्ये कप्तानसाहेब उठून उभे राहिले आणि बदलीसाठी टाळ्या वाजवू लागले. मोठ्या मनाचा माणूस!

बदली मान खाली घालून सीमारेषेपर्यंत आला. तिथे कॅमेरा होता. तो थांबला, रडला नाही, ओरडला नाही. त्याने बॅट आडवी धरली आणि तिची आतली कड कॅमेऱ्याच्या तोंडाशी नेली. कडेवर चेंडूचा लाल डाग होता, ओला वाटावा इतका ताजा. ताईने ते चित्र मधल्या पडद्यावर घेतलं आणि तिथेच राहू दिलं.

तिसरे पंच हेडफोनच्या वायरीचा गुंता सोडवू लागले. गुंता काही फारसा नव्हता.

"वर बघा, सर," ताई म्हणाली. "बघायला कुणी विचारावं लागत नाही."